पढवलेले साक्षीदार

माणसं खोटं बोलतात याचं स्टेनोबाईंना कधी दुःख झालं नाही. दुःख व्हायचं ते इतक्या भिकार पद्धतीने बोलतात याचं. एकतीस वर्षं त्यांनी कोर्टात, न्यायाधीशांच्या मंचाखालच्या टेबलाशी बसून, साक्षीदारांच्या जबान्या शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतल्या होत्या. समोरचा पिंजऱ्यात चढला की चार वाक्यांत त्यांना कळायचं, हा पाहिलेलं सांगतोय की पाठ केलेलं. पाहिलेलं सांगणारा अडखळतो, मागे जातो, कुणी न विचारलेलं सांगत बसतो आणि विचारलेलं नेमकं विसरतो. पाठ केलेलं सांगणारा धडाधड बोलतो आणि बोलून झाल्यावर आपल्या वकिलाकडे बघतो. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी बाईंची ही खोड गेली नव्हती. भाजीवाला, डॉक्टर, वरच्या मजल्यावरची शेजारीण, सगळ्यांना त्या मनातल्या मनात पिंजऱ्यात उभं करायच्या आणि बहुतेक सगळे तोंडावर आपटायचे.

त्यातून सुटलेली एकच होती, त्यांची धाकटी बहीण. धाकटीला खोटं बोलताच यायचं नाही. लग्न केलं नाही, बालवाडीत शिकवलं, आणि चाळीस वर्षं दर रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत मुलांना गोळा करून येशूच्या गोष्टी सांगितल्या. रिकाम्या कबरेची गोष्ट सांगताना ती स्वतः टेबलाखाली लपायची आणि टुणकन बाहेर यायची. आता तिच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते, त्यातले तीन आठवडे उलटले होते. बाईंनी तिला आपल्या दोन खोल्यांच्या घरात आणून खिडकीजवळचा पलंग दिला होता आणि तिच्यादेखत रडायचं नाही असं स्वतःला बजावून ठेवलं होतं.

बाई स्वतः देवाधर्माच्या बाबतीत कोरड्या ठणठणीत. रविवारी धाकटीला चर्चमध्ये न्यायच्या, शेवटच्या बाकावर बसायच्या आणि उपदेश करणाऱ्याच्या चुका मोजायच्या. नवा पाळक आल्यापासून मोजायला बोटं पुरत नव्हती. वय एकोणतीस, बुटांना आरशासारखी चकाकी, आणि दर दोन वाक्यांनी ‘मित्रहो’. बाईंच्या मते त्याच्या डोक्यात जेवढं होतं तेवढं सगळं तोंडावाटे बाहेर येऊन गेलं होतं आणि आता आत नुसता वारा होता.

तर या पाळकाला कल्पना सुचली. पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या रविवारी उपदेशाऐवजी खटला करायचा. येशू खरोखर मेलेल्यातून उठला का, याचा खटला. दाताचे डॉक्टर न्यायाधीश, पाळक स्वतः वकील, आणि मंडळीतले चौघे साक्षीदार, बायबलमधल्या चार वृत्तांतांसाठी चार. एक विमा एजंट, एक शिंपी, शिकवण्या घेणारे सर आणि बँकेतली कॅशियर.

“बाई, तुमच्याएवढं कोर्ट कुणी पाहिलंय? तुम्ही तालमीला या आणि काही चुकलं तर सांगा,” पाळक म्हणाला.

“काही चुकलं तर?” बाईंनी विचारलं. पाळकाला यातली खोच कळली नाही. त्याला कुठलीच खोच कळायची नाही.

धाकटीने हट्ट धरला म्हणून बाई गेल्या. धाकटीची चाकाची खुर्ची त्यांनी सभागृहात मागे, उजेड येतो त्या बाजूला लावली आणि स्वतः पुढच्या रांगेत वही उघडून बसल्या. जुनी सवय. दाताच्या डॉक्टरांनी बायकोचा पदवीदानाचा काळा झगा घातला होता आणि तो त्यांना पाठीत आवळत होता. हातोडी मिळाली नव्हती म्हणून ते स्टीलच्या पेल्याने टेबल ठोकत होते.

पहिला विमा एजंट. त्याने घसा खाकरला आणि एका दमात सांगितलं, “रविवारी सूर्य उगवता उगवता तीन स्त्रिया कबरेपाशी आल्या. तोंडावरची धोंड बाजूला लोटलेली होती. आत दोन देवदूत होते. ते म्हणाले, तो येथे नाही.” आणि त्याने पाळकाकडे बघितलं. पाळकाने अंगठा वर केला.

मग शिंपी आला. सूर्य उगवता उगवता, तीन स्त्रिया, धोंड, दोन देवदूत. मग सर आले. त्यांनी तेच जरा शुद्ध उच्चारात म्हटलं. शेवटी कॅशियर आली आणि नोटा मोजाव्यात तसं तेच सगळं भरभर मोजून मोकळी झाली. बाईंची पेन्सिल दुसऱ्या साक्षीदारालाच थांबली होती.

“कसं वाटलं बाई?” पाळकाच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा.

“हे लिहिलं कुणी?”

“मीच. चार वृत्तांतांत बारीकसारीक फरक आहेत ना, लोक उगाच गोंधळतात. म्हणून मी सगळे नीट जुळवून एकसारखे करून घेतले.”

“एकसारखे करून घेतलेत.” बाईंनी वही मिटली. आतापर्यंत त्यांनी धीर धरला होता, आणि तो त्यांच्याकडे मुळात बेताचाच होता. “पाळकसाहेब, असले चार साक्षीदार आमच्या कोर्टात उभे केले असते ना, तर न्यायाधीशांनी जेवणाच्या सुट्टीआधी तुमची केस झाडून टाकली असती. चौघं चार दिशांनी आलेली माणसं, आणि बोलताना एक शब्द इकडचा तिकडे नाही? शेंबडं पोरसुद्धा सांगेल, एकाने बसून रचलंय आणि चौघांनी घोकलंय. पढवलेले साक्षीदार म्हणतात याला. संपली तुमची केस. उठला नाही तुमचा माणूस. कबरेत आहे अजून. यातला एक शब्द खरा नाही.”

विमा एजंट उगाच हसला. दाताच्या डॉक्टरांनी झग्याचं बटण काढलं. पाळकाचा खालचा ओठ थरथरला आणि बाईंना, खोटं कशाला सांगायचं, आत कुठेतरी बरं वाटलं.

तेवढ्यात मागून आवाज आला.

“ताई, म्हणजे ते सगळं खोटं आहे?”

धाकटी खुर्चीत पुढे वाकून बसली होती. बाईंनी तोंड उघडलं. मी या माठाच्या कागदाबद्दल बोलत होते, असं सांगायला किती वेळ लागतो? पण धाकटीने तोवर मान खाली घातली होती.

टॅक्सीत बाईंनी तीन वेळा समजावलं. धाकटी “हो गं” म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्रार्थना केली नाही. उशाशी ठेवलेलं पवित्र शास्त्र कपाटात ठेवायला सांगितलं. चौथ्या दिवशी तिने गोळ्या घ्यायलाही कुरकुर केली. धाय मोकलून रडली असती तर बाईंनी सांभाळलं असतं, रडणाऱ्या बायका त्यांनी ढिगाने पाहिल्या होत्या. ही नुसती छताकडे बघत पडायची. एकतीस वर्षांत बाईंच्या तोंडून जेवढे घाव गेले ते ज्याच्या त्याच्या लायकीप्रमाणे गेले, अशी त्यांची समजूत होती. हा एकच भलतीकडे बसला होता, आणि बसला होता तो असा की त्या स्वतःचं तोंड आरशात बघायला तयार नव्हत्या.

पाळक भेटायला आला, हातात फळांची पिशवी घेऊन. पलंगाशी बसून त्याने धाकटीचा हात हातात घेतला आणि आवाज मऊ केला.

“मावशी, एवढं मनाला लावून घेऊ नका. नेमकं काय घडलं हा मुद्दाच नाही हो. समजा तसं शब्दशः घडलं नसेलही. पण त्याचा संदेश तर आपल्या हृदयात जिवंत आहे ना? हेच खरं पुनरुत्थान.”

धाकटीने हात काढून घेतला. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

“संदेश?” त्या म्हणाल्या. “तिला संदेश नकोय, तिला उठायचंय. परवा पुरावे मांडायला निघाला होतात, ते टिकले नाहीत तर आज म्हणता घडलं नसलं तरी चालेल? चालेल तुम्हाला. तुमची तब्येत ठणठणीत आहे. हृदयात जिवंत राहायला माझे आईवडीलही आहेत माझ्या हृदयात, म्हणून ते चहाला येत नाहीत. तो उठला असेल तर उठला, आणि नसेल उठला तर तुमचा तो रविवारचा पांढरा झगा घडी घालून ठेवा आणि दुसरा धंदा बघा. फळं ठेवा तिथे. निघा.”

पाळक गेला. जिन्यात त्याचे चकचकीत बूट बराच वेळ वाजत होते. धाकटी चार दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली.

“बरोबर बोललीस. पण त्याला हाकललंस, मला काय सांगणार? ताई, चाळीस वर्षं मी पोरांना सांगितलं, तो उठला. आता मला मातीत जायचंय. मला गोष्ट नको. ते झालं नसेल तर मी शेकड्याने मुलं फसवली, आणि माझ्यासारखी खुळी मीच. तू आजवर मला एकदाही खोटं सांगितलं नाहीस, आईच्या वेळी डॉक्टरनेसुद्धा लपवलं ते तू सांगितलंस. तू वाच. कोर्टातल्यासारखं वाच, आणि मला निकाल सांग. गोड करून नको.”

मग बाईंनी कपाटातून शास्त्र काढलं. दोन दिवस त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. लांब कागदावर चार रकाने पाडले आणि चौघांच्या जबान्या समोरासमोर उतरवून घेतल्या. सुरुवात केली ती वाभाडे काढायच्या तयारीने. धाकटीला खरं काय ते सांगावं लागणार हे डोक्यात होतं, पण हात नेहमीसारखाच चालत होता.

पहिल्या तासात त्या वैतागल्या. एक म्हणतो अजून अंधार होता, एक म्हणतो सूर्य वर आला होता. एकाकडे एकच बाई, दुसऱ्याकडे दोन, तिसऱ्याकडे तीन, चौथा आणखी बायका आणतो. देवदूत कुठे एक कुठे दोन, कुठे बसलेला कुठे उभे. काय कारभार आहे, त्या पुटपुटल्या. कुणी यांना एका खोलीत बसवून चार गोष्टी जुळवून घ्यायला सांगितलं नव्हतं काय?

हे मनात आलं आणि त्यांची पेन्सिल थांबली. नव्हतंच सांगितलं कुणी. नेमकं तेच तर त्यांनी एकतीस वर्षं पाहिलं होतं. एकाच बसच्या अपघाताला चार खरे साक्षीदार आले की बसमध्ये किती माणसं होती यावरून त्यांची जुंपायची, पण बस उलटली यावर चौघंही ठाम. इथेही कबर रिकामी यावर चौघं ठाम होते.

मग त्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या नजरेने वाचायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवून झाल्यावर त्यांनी धाकटीला उशा लावून बसवलं, चष्मा चढवला आणि कागद समोर धरला.

“ऐक. मध्ये बोलू नकोस. आधी कबरेवर बसवलेले पहारेकरी. ते म्हणतात, आम्ही झोपलो होतो तेवढ्यात त्याच्या चेल्यांनी मढं पळवलं. झोपला होतास तर कुणी पळवलं ते तुला कसं कळलं रे बाबा? असला साक्षीदार उलटतपासणीत दीड मिनिट टिकत नाही. सोडून दे.”

धाकटीच्या ओठांची कड किंचित हलली.

“आता चेले. हे लोक मला अजिबात आवडले नाहीत. गुरूला पकडला तेव्हा पळाले. एकाने तर ओळखतच नाही म्हणून शपथा घेतल्या. बायका धावत सांगायला आल्या तर म्हणाले, यांना भ्रम झालाय. आणि हे सगळं त्यांच्याच माणसांनी लिहून ठेवलंय. तुझा तो पाळक असता तर एवढं पहिलं गाळलं असतं. आपली लाज उघडी करून सांगणारा साक्षीदार मी क्वचित पाहिला, पण पाहिला तेव्हा तो खोटा नव्हता.”

“आणि बायका?”

“मध्ये बोलू नकोस म्हटलं ना. त्या काळी कोर्टात बाईची साक्ष कुणी धड धरत नसे. गोष्ट रचायची असती तर कबरेशी पहिला कुणीतरी भारदस्त पुरुष पाठवला असता, दाढीवाला. यांनी पाठवली रडून डोळे सुजलेली बाई, आणि तिला समोरचा माणूस माळी वाटला. माळी! असं कुणी रचत नाही गं. दोघं चेले पळत कबरेकडे निघतात, तर लिहिणारा मध्येच सांगतो की एक जण दुसऱ्यापेक्षा जोरात पळाला. काय संबंध? काही नाही. पाहिलेलं सांगणारा माणूसच असलं बिनकामाचं सांगतो. तो समोर आला तेव्हा चेल्यांना भूत वाटलं, तर त्याने मासा मागून खाल्ला. आणि शेवटी डोंगरावर तो समोर उभा असताना काहींना शंका आली, हेही लिहिलंय. स्वतःच्या केसमध्ये कोण असं लिहितं?”

त्यांनी कागद उलटला. “आणखी एक साक्षीदार आहे, या चौघांबाहेरचा. हा आधी यांचा छळ करायचा, नंतर यांच्यात आला. हा पत्रात लिहितो, पाचशेच्या वर लोकांनी एका वेळी पाहिलं, त्यातले बरेच अजून जिवंत आहेत. म्हणजे हा साक्षीदार कुठे मिळतील ते सांगतोय. लबाड माणूस साक्षीदार मेले म्हणून सांगतो. आणि या सगळ्यांच्या पदरात काय पडलं? मार आणि तुरुंग. पुष्कळांचा जीव गेला. ऐकीव खोट्यासाठी माणूस मरेल, मूर्ख असतात माणसं. पण आपणच रचलेल्या खोट्यासाठी फटके खायला कुणी थांबत नाही. तिसऱ्या फटक्याला बोलतात. मी पाहिलेत.”

“मग निकाल?”

बाईंनी चष्मा काढला. “ते काय ते देवाला माहीत, असं मी म्हणणार नाही, तसलं गुळमुळीत मला जमत नाही. ही माणसं पढवलेली नाहीत. खोटं बोलत नाहीत. त्यांनी त्याला मेलेला पाहिला आणि मग जिवंत पाहिला. गोंधळली आहेत, घाबरली आहेत, पण पाहिलेलंच सांगताहेत. माझ्या समोर आली असती तर मी त्यांच्या बाजूने गेले असते. झालं?”

धाकटीने डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी आलं आणि ती ते पुसायच्या भानगडीत पडली नाही. डोळे न उघडताच म्हणाली, “मग ताई, तू का नाही मानत?”

“मी कुठे काय म्हटलं?”

“वीस वर्षं शेवटच्या बाकावर बसतेस. पुरावा तर तूच आत्ता दिलास. मग अडलं कुठे?”

बाई उठल्या, पाण्याचा तांब्या उगाच हलवून परत तिथेच ठेवला. आणि मग कधी न बोललेलं बोलल्या.

“तुझ्या भावोजींना मूठमाती दिली तो दिवस आठवतो तुला? अकरा वर्षं दुसरीकडे नांदून आले, आजारी पडले तेव्हा माझी आठवण झाली. आठ महिने मी त्यांचं सगळं केलं. शेवटच्या आठवड्यात त्यांना पश्चात्ताप झाला. सोयीचा पश्चात्ताप! आणि तेव्हाचा तो म्हातारा पाळक कबरेशी उभा राहून म्हणतो, हा आमचा बंधू नव्या शरीराने उठेल. नवं शरीर! जुन्याने काय कमी दिवे लावले होते? मी त्या दिवशी ठरवलं, हा माणूस उठणार असेल तर मला नको ते उठणं. झोपू दे सगळ्यांना. मला एकदा संपलेलं संपलेलंच हवं होतं.”

धाकटी हसायला लागली. हसताना पोटात दुखत होतं, तरी हसत होती.

“म्हणजे पुरावा नाही, भावोजी आडवे आलेत तुला! वीस वर्षं!”

“हस, हस,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. पिंजऱ्यात चढलेल्या माणसाचा होतो तसा, आणि हे त्यांना स्वतःलाच कळत होतं. लोकांच्या लटक्या सबबी हुंगून काढत त्यांनी उभा जन्म काढला, आणि स्वतःची सबब इतकी वर्षं इतकी उघडी पडली होती. त्यांना स्वतःची मनापासून घृणा आली. एवढ्या जणांना झोडपलं, त्यात हा एक चेहरा कसा राहून गेला?

हसू ओसरल्यावर धाकटीने त्यांचा हात ओढून पलंगावर बसवलं. तिचा हात गरम आणि हलका होता.

“ताई, मला अजून भीती वाटते. पण आता एकटं नाही वाटत. मी तुझ्याआधी पोचणार. भावोजी भेटले तर त्यांना काय सांगू?”

बाईंच्या ओठांवर किती तरी शब्द आले. एकेक शेलका, वर्षानुवर्षं परजून ठेवलेला. त्यातला एकही पुढे सरकेना.

“सांग,” त्या शेवटी म्हणाल्या, आणि आवाज नेहमीसारखा ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला, “सांग, माझा राग गेलेला नाही. मी येईन तेव्हा समोर यायचं. तोंड लपवायचं नाही. मला त्यांच्याशी बोलायचंय.”

“एवढंच?”

“एवढंच. बाकीचं मी बोलेन.”

“मी येईन तेव्हा, म्हणालीस,” धाकटी म्हणाली, आणि समाधानाने कूस वळवून झोपी गेली.

बाई तिच्या उशाशी बसून राहिल्या. राग होता. त्या माणसाचा होता, पाळकाचा होता, आणि आता धाकटीचाही, कारण ती त्यांना सोडून चालली होती. पण जो नाहीच, त्याच्याकडे कुणी निरोप धाडत नाही, हे त्यांना लख्ख कळत होतं. आणि दिलेली जबानी त्यांनी मागे घेतली नाही.